आवडाईचा विसावा

फार वर्षांपूर्वी, जेव्हा घाटाला गाडीरस्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. खाली कोकणात उंबरतळ गाव, वर देशावर बाजाराचं गाव, आणि दोन्हीच्या मधे वाघजाईचा घाट. घाट म्हणजे नुसती पायवाट. बैलसुद्धा तिथं पाय टाकायचा नाही. म्हणून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची ती माणसांच्या डोक्यावरून, आणि गूळ, मिरची, डाळी खाली यायच्या त्याही माणसांच्या डोक्यावरून. असं ओझं वाहून पोट भरणाऱ्यांना हेलकरी म्हणायचे. हेलकरी बहुतेक बाप्येच असायचे. पण त्यांच्यात एक बाई होती. तिचं नाव आवडाई.

आवडाईच्या डोक्यावर दोन गड्यांचं ओझं असायचं, असं म्हणतात. एकदा वाटेत वाघ आडवा बसला होता. बाकीचे हेलकरी झाडावर चढले. आवडाई तिथंच उभी राहून वाघाला म्हणाली, "बाबा, माझ्या डोईवर मीठ आहे, मला वाकून पाया पडता यायचं नाही. तूच जरा बाजूला हो." आणि वाघ उठून बाजूला झाला, असं म्हणतात.

पण लांबून बघणाऱ्याला एक गोष्ट कळायची नाही. आवडाई आजारी होती. तरुणपणीच तिच्या सांध्यांत दुखणं शिरलं होतं. सकाळी तिच्या मुठी उघडायच्या नाहीत. गुडघे सुजून दुधी भोपळ्यासारखे व्हायचे. तिनं पाला बांधला, डाग घेतले, अंगारे लावले, नवस बोलली. दुखणं थोडं मागं सरायचं आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसायचं. मग तिनं मागायचं सोडून दिलं. पण देवीला जायचं सोडलं नाही. रोज घाट चढायच्या आधी ती वाघजाईसमोर उभी राहायची. लोक विचारायचे, की बाई, तू देवीकडं मागतेस तरी काय. ती म्हणायची, "काढून घे म्हणून लई वर्षं मागितलं. तिनं नाही घेतलं, तिची मर्जी. आता एवढंच म्हणते. आई, जरा हात लाव."

आता हात लावणं म्हणजे काय, हे डोक्यावरून ओझं नेणाऱ्याला सांगायला नको. भरली घागर असो नाहीतर मिठाची गोण, एकट्यानं ती डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी उचलून द्यावं लागतं. मग वाटेनं जाणारा अनोळखी का असेना, त्याला हाक मारायची, जरा हात लाव. त्यानं नाही म्हणायचं नाही, अशी रीत आहे. तो हात लावतो आणि आपल्या वाटेनं जातो. ओझं मात्र ज्याचं त्यालाच न्यायचं असतं.

घाटाच्या मध्यावर आवडाईनं एक विसावा बांधला होता. दोन उभे दगड आणि त्यांच्यावर एक आडवा चिरा, माणसाच्या कमरेइतका उंच. तो चिरा तिनं नदीतून एकटीनं डोक्यावर आणला, असं म्हणतात. हेलकरी तिथं येऊन ओझं टेकवायचे, घाम पुसायचे, भाकरी खायचे, आणि एकमेकांना हात लावून पुन्हा चालायला लागायचे.

त्याच वेळी खाली उंबरतळात राही नावाची एक तरुण बाई राहायची. नवरा सोमा भातशेती करायचा, घरात म्हातारी सासू होती, आणि पदरात एक मुलगी, देवकू.

देवकू तान्ही होती तेव्हापासून तिला धाप लागायची. छातीत मांजर घुरघुरावं तसा आवाज यायचा, ओठ जांभळे पडायचे, आणि बरगड्यांमधे खड्डे दिसायचे. एकदा तर श्वास असा अडकला, की शेजारणींनी तुळशीचं पान शोधायला घेतलं. राहीनं मात्र पोरीला उभी छातीशी धरली आणि धावत वाघजाईच्या देवळात गेली. तिथं ती बोलून गेली, "आई, पोरगी बरी होईपर्यंत हिचा पाय मातीला लावणार नाही." गुरवानं कौल लावला. देवीनं उजवीकडचं फूल दिलं. आणि पोरीचा श्वास मोकळा झाला.

नवस झाला, देवीनं घेतला. आता तो मोडायची कुणाची छाती?

देवकू रांगायच्या वयाची झाली, चालायच्या वयाची झाली, पण राहीच्या कमरेवरून उतरली नाही. तिच्या वयाची पोरं दगड मारून कैऱ्या पाडायला लागली आणि ती अजून आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडं बघायची. तिचे पाय वापराविना काटक्यांसारखे झाले. आणि धाप काही गेली नाही. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी मांजर पुन्हा घुरघुरायला लागायचं.

खरं तर नवस नुसता पायाचा होता. घरात बाज होती, पाट होता. पण राहीच्या मनानं घेतलं, की आपण पोरीला क्षणभर जरी अंगापासून दूर केलं, नजर जरी हलवली, तरी तिचा श्वास थांबेल. म्हणून तिनं पायाचा नवस अख्ख्या पोरीला लावला. एका हातानं भाकरी थापायची, एका हातानं पोर. झोपायची ती भिंतीला टेकून, देवकूला छातीवर घेऊन, तिचे श्वास मोजत. सोमा हात पुढं करायचा, की दे जरा इकडं, माझी पण लेक आहे. राही पाठ फिरवायची. सासू जिभेची तिखट. ती अंगणात बसून ऐकवायची, की आंब्याला बांडगूळ लागलं तर आंबा वाळतो, आणि एका पोरीसाठी एवढा सोस मी सात गावांत बघितला नाही. राही ऐकून घ्यायची. तिची कंबर एका बाजूला वाकली होती. तिचं हसणं कसं होतं ते सोमासुद्धा विसरला होता.

एका हिवाळ्यात राहीच्या कानावर आलं, की बाजाराच्या गावात एक वैद्य आला आहे, मोठ्या हातगुणाचा. ती दुसऱ्याच दिवशी पोरीला घेऊन घाट चढायला लागली. सोमा बरोबर यायला निघाला तर त्याला म्हणाली, तुम्ही भात झोडा, मी जाऊन येते.

थोडा घाट चढल्यावर मागून मिठाची गोण घेऊन आवडाई आली. तिनं राहीची वाकडी चाल बघितली. हेलकऱ्याचा डोळा तो, त्याला ओझं लगेच कळतं. तिनं विचारलं, "कधीपासून उचललंयस गं हे?"

राहीला राग आला. ती म्हणाली, "ओझं नाही ते. लेक आहे माझी."

"लेकीला कुठं ओझं म्हणाले मी?" आवडाई म्हणाली. "तुझ्या मानेवर दुसरं काहीतरी बसलंय, ते विचारते. आण, पोरीला विसाव्यापर्यंत मी घेते. तूही दम खा."

राहीनं नाही म्हणून मान हलवली आणि चालत राहिली. आवडाईनं पुन्हा विचारलं नाही.

वैद्य चांगला माणूस होता. त्यानं देवकूची छाती ऐकली, नखं बघितली, तिच्याशी दोन गोष्टी बोलला. काढ्याची मुळी दिली, वाफ कशी द्यायची ते दाखवलं. मग राहीला म्हणाला, "बाई, खोटं सांगून तुला परत पाठवणार नाही. हा दमा आहे. औषधानं उतरेल आणि पुन्हा येईल. थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी. पण पोरगी जगेल, मोठी होईल. दमा तिच्याबरोबर राहील."

"कधीपर्यंत?" राहीनं विचारलं.

"तिच्याबरोबर म्हटलं ना," वैद्य हळूच म्हणाला.

पोरगी जगेल, हे शब्द राहीच्या कानात शिरलेच नाहीत. तिला एवढंच कळलं, की बरी होईपर्यंत म्हणून जो नवस बोलली, त्याला शेवटच नाही. पोरगी दहा वर्षांची होईल, वीस वर्षांची होईल, आणि आपण तिला उचलूनच उभ्या असू. आणि आपण पडलो तर? मग तिचा पाय मातीला लागेल, आणि देवी तिचा श्वास काढून घेईल.

ती घाट उतरायला लागली. उतार चढापेक्षा वाईट, हे गुडघ्यांना विचारा. विसावा समोर दिसायला लागला आणि राहीचे पाय थरथरायला लागले. एका बाजूला दरी. तिला वाटलं, आता आपण दोघी जाणार. तिनं पोरीला दोन्ही हातांनी आवळून धरली आणि वाटेतच थिजली. पुढंही जाता येईना, मागंही येईना.

विसाव्यावर आवडाई गुळाच्या ढेपा टेकवून बसली होती. ती उठली, राहीपाशी आली, आणि काही न बोलता तिच्या कमरेला हात देऊन तिला चिऱ्यापर्यंत घेऊन आली.

"ठेव तिला इथं," ती म्हणाली.

"ठेवायची नाही मला. नवस आहे."

"काय बोललीस देवीला? शब्दाला शब्द सांग."

राहीनं सांगितलं. आवडाईनं ऐकून घेतलं. मग चिऱ्यावर हात आपटून म्हणाली, "ही माती आहे का?"

राहीनं दगडाकडं बघितलं.

"देवीनं तुझ्याकडं एवढं मागितलंच नव्हतं गं. तिनं पाय मागितला, तू पोरगीही दिलीस, तुझी झोपही दिलीस, नवरा घ्यायला आला तर त्याचे हातही परत पाठवलेस. ऐक. आमच्यात ओझं टाकून देणारा हेलकरी नाही. पण न उतरवणाराही नाही. न उतरवणारा एक होता. तो बघ, तिकडं दरीत गेला, गोणीसकट."

राही दरीकडं बघत राहिली. तेवढ्यात तिच्या खांद्यावरून देवकू म्हणाली, "आई, मी उभी राहून बघू?"

राहीचे हात सुटत नव्हते. आवडाईनं ते सोडवले नाहीत. ती थांबली. शेवटी राहीनंच आपली वाकडी कंबर चिऱ्याला लावली आणि पोरीला हळूहळू खाली सोडलं. देवकूचे पाय गार दगडाला लागले. ती हेलपाटली, आईचा पदर धरला, आणि उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती आईच्या कमरेवरून न बघता स्वतःच्या पायांवरून घाट बघत होती. ती हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली.

मांजर घुरघुरायला लागलं. ओठ जांभळे झाले. राही झडप घालून तिला उचलायला गेली. आवडाईनं तिचा हात धरला. ती म्हणाली, "थांब. श्वास तिचा तिलाच घ्यायचाय. तू कितीही छातीशी धरलीस तरी तुझा श्वास तिला पुरायचा नाही. आपण मागून हात लावू."

तिनं आपला सुजलेला पंजा देवकूच्या पाठीवर ठेवला. राहीला म्हणाली, तूही ठेव. राहीनं ठेवला. आवडाईनं घाटमाथ्याकडं तोंड केलं आणि जसं पाण्यावरच्या सोबतिणीला हाक मारावी तसं म्हणाली, "आई, जरा हात लाव."

त्या वेळी अख्खा घाट थांबला, असं म्हणतात. वानरं फांद्यांवर गप्प झाली. दरीतून वर येणारा वारा विसाव्यापाशी येऊन संथ झाला आणि देवकूच्या श्वासाबरोबर आत-बाहेर करायला लागला. तिचा श्वास वर आला की डोंगरावरचं गवत उभं राही, खाली गेला की आडवं होई. आणि राहीला आपल्या हाताच्या पाठीवर आणखी एक हात जाणवला, गरम, खरबरीत, वाघाच्या जिभेसारखा. तिनं वळून बघितलं तर कुणी नव्हतं.

हळूहळू मांजर निजलं. देवकूनं मोठा श्वास घेतला आणि गूळ मागितला.

राही चिऱ्याला टेकून खाली बसली, ती तिथंच झोपली. किती वर्षांची झोप होती ती. वरून उतरणारे हेलकरी एकेक करून विसाव्यापाशी आले आणि बाई झोपलेली बघून जागच्या जागी थांबले. कुणी ओझं आपटलं नाही. एकाला खोकल्याची उबळ आली तर तो वळणामागं जाऊन खोकून आला. देवकू आवडाईच्या मांडीवर बसून ढेपेचा कोपरा खात होती. व्यापाऱ्यानं नंतर ढेपेचं विचारलं तेव्हा सगळे हेलकरी एका तोंडानं म्हणाले, की मुंग्या लागल्या होत्या.

उन्हं कलल्यावर राही दचकून उठली. तिनं कमरेला हात लावला, कंबर रिकामी. समोर बघितलं तर देवकू. श्वास चालू. आपण बघत नव्हतो, मोजत नव्हतो, तरी चालू.

"आई, मी घरी चालत जाऊ?" देवकूनं विचारलं.

आता पंचाईत झाली. विसावा दगडाचा, पण वाट तर मातीची. बाकीच्यांना वाटलं, आता आवडाई काय करते. इथं गोष्टीच्या दोन वाटा होतात. जुनी माणसं म्हणतात, की आवडाईनं दरीकडं तोंड करून हाक मारली, आणि नदीतले गोल-चपटे दगड कोकरांसारखे उड्या मारत वर आले आणि वाटेवर एकापुढं एक बसले. दुसरे म्हणतात, की हेलकऱ्यांनीच ओझी उतरवून ठेवली आणि मागचा दगड पुढं, मागचा दगड पुढं असं करत गावापर्यंत आणले. तुम्हाला जे पटेल ते घ्या. पण देवकू त्या दिवशी दगडावरून दगडावर पाय टाकत घाट उतरली, यात दोन मतं नाहीत. काटकीसारखे पाय ते. थोडं चालायची, बसायची, धाप खाली जाऊ द्यायची, मग हात पुढं करायची. जो जवळ असेल तो तिला उठवायचा. मधे एका मोठ्या वळणावर ती दमली. तेव्हा तिला पुन्हा उचलायची होती, आणि राहीच्या पाठीत बळ नव्हतं. राहीनं इकडंतिकडं बघितलं. जे शब्द तिनं इतक्या वर्षांत कुणालाही म्हटले नव्हते ते तिच्या तोंडून आले. "आवडाई, जरा हात लाव."

आवडाईनं हात लावला. पोर राहीच्या कमरेवर बसली. "हं, चल," आवडाई म्हणाली.

गावाच्या तोंडाशी गुरव उभा होता. त्यानं विचारलं, की नवसाचं काय, देवीला ही पळवाट चालेल का. आवडाई म्हणाली, "तिचा राग माझ्याकडं लाव. ती आणि मी रोज सकाळी भेटतो." गुरव हसला आणि वाटेतून बाजूला झाला. वाघ झाला होता तसाच, असं हेलकरी पुढं सांगत.

घर आलं. अंगण नुकतंच शेणानं सारवलेलं, ओलं, आणि दगड संपले होते. शेवटच्या दगडावर देवकू उभी, समोर दार, मधे चार पावलं माती. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात सासू स्वयंपाकघरातून आपला पाटा ओढत घेऊन आली. लग्नात आलेला जड पाटा, ज्याला ती सुनेलासुद्धा हात लावू द्यायची नाही. तिनं तो अंगणात पालथा घातला आणि म्हणाली, "बघता काय? ये गं बांडगुळा. चटणी उद्या वाटीन."

देवकूनं पाट्यावर पाय ठेवला आणि तिथून उंबरठ्यावर. सोमा दारात हात पसरून उभा होता. या वेळी राहीनं पाठ फिरवली नाही.

देवकूचा दमा गेला नाही. वैद्य म्हणाला तसाच तो राहिला, थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी. पण राही त्या दिवसापासून आडवी होऊन झोपायला लागली. एक दिवस ती, एक दिवस सोमा, एक दिवस म्हातारी, अशी पोरीपाशी जागायची पाळी लागली. वाफेचं पाणी शेजारीण ठेवायची. देवकू मोठी झाली, म्हातारी झाली, पण पाय दगडावरून दगडावरच टाकत राहिली. घाटात विसाव्यापाशी ती पाण्याचा माठ भरून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावायची. धाप लागली की हाताच्या खुणेनं थांबवायची, जरा थांब, आधी माझं उचलू दे. मग हसायची.

आणि आवडाई? तिचे सांधे शेवटपर्यंत दुखले. हे उंबरतळात कुणी लपवत नाही. एका पहाटे ती एकटीच विसाव्यावर आली होती. गोण चिऱ्यावर टेकवलेली, आणि हात लावायला चिटपाखरू नव्हतं. तिनं हाक मारली. खालच्या वळणावरच्या गुराख्यानं ती ऐकली. त्यानं वर बघितलं तर गोण आपोआप उचलली गेली आणि आवडाईच्या डोक्यावर बसली. मग आवडाई ताठ मानेनं, तरण्या पोरीसारखी, धुक्यात चढत गेली. वर बाजारात ती पोचली नाही आणि खालीही आली नाही. विसाव्याच्या चिऱ्यावर मात्र दोन पंजे उमटलेत. एक सुजलेल्या बोटांचा. दुसरा माणसाचा नाही, असं म्हणतात.

आता घाटात डांबरी रस्ता झाला आहे. पण उंबरतळात आजारी माणसाला कुणी बरं आहे का म्हणून विचारत नाही. ज्याचं दुखणं जायचं नाही त्यानं रोज काय उत्तर द्यायचं? तिथं दारात उभं राहून विचारतात, हात लावू? मग तो सांगतो, आज पाणी भरून दे, नाहीतर आज नुसता बस, नाहीतर आज नको, आज माझं मला उचलतंय.

आणि मार्गशीर्षातल्या शेवटच्या मंगळवारी सगळे विसाव्यावर जातात. दम्याचे, सांध्यांचे, शुगरचे, आठवड्याला रक्त धुवायला शहरात जाणारे, फिटवाल्या पोरांचे आई-बाप, सगळे. त्या दिवशी घराघरांत पाटा अंगणात पालथा घालतात आणि घरच्या आजारी माणसानं त्यावर पाय ठेवून निघायचं असतं. प्रत्येकाच्या डोक्यावर एक छोटं गाठोडं असतं, त्यात नदीचा एक दगड. ज्याला चालवत नाही त्याचं गाठोडं शेजारी नेतो. विसाव्यावर गाठोडं टेकवायचं, गूळ-भाकरी खायची, गप्पा मारायच्या. त्या दिवशी तिथं कुणी देवीला बरं कर म्हणत नाही. ते घरी रोज म्हणायला मोकळीक आहे. पण निघताना गाठोडं तिथं टाकून यायचं नाही. ते परत घ्यायचं, आणि एकट्यानं घ्यायचं नाही.

दरवर्षी तिथं एखादी तरुण आई असते, आजारी लेकराला घट्ट धरून बसलेली, कुणाकडं न देणारी. तिला कुणी काही शिकवत नाही. कुणीतरी म्हातारी तिच्या शेजारी जाऊन बसते आणि हात पुढं करून ठेवते. उशिरानं का होईना, लेकरू त्या हातांत जातं, आणि ती आई चिऱ्याला टेकून झोपते. मग सगळे हळू बोलतात. ज्याला खोकला येतो तो वळणामागं जातो. ती उठेल तेव्हा ज्याच्याकडं बघेल त्यानं पुढं व्हायचं, नाव-गाव न विचारता हात लावायचा, आणि म्हणायचं, "हं, चल."